फराईने जिथे हात थांबवला

आज अकरा वाजता माझ्या नवऱ्याला तोंड बसवण्यासाठी न्यायला माणसं येणार होती.

मी परत पाठवली. मुलगा सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीये. नको बोलू दे. मी थकले आहे.

पण ही पोस्ट नवऱ्यासाठी नाही. फराईसाठी आहे. त्याला जाऊन आज वर्ष झालं.

फराई आमच्या बिशानच्या ब्लॉकमध्ये खालच्या मजल्यावर राहायचा. झिम्बाब्वेचा, शोना माणूस. शाळेत शिल्पकला शिकवायचा. तो मला अंबुया म्हणायचा, म्हणजे आजी. या परक्या देशात सगळेच मला आंटी म्हणतात, त्यामुळे बरं वाटायचं.

दोघंही मिशनरी शाळेत शिकलेले. त्याला फादरनी मारलं, मला सिस्टर्सनी. आमची मैत्री तिथूनच सुरू झाली.

सिस्टर्सनी मला पट्टीने शिकवलं होतं की दगडाच्या देवाला कान असले तरी ऐकू येत नाही.

आणि सुट्टीत गावी गेलं की बाबा वेशीवरच्या म्हसोबापुढे चपला काढून उभे. नुसता शेंदूर फासलेला धोंडा. त्याला ना नाक ना डोळे. कोणाचंही त्यावाचून अडलं नाही.

फराई रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा. आणि नवा दगड हातात घेताना आधी घरातल्या मेलेल्या माणसांशी बोलायचा. त्याच्या गावी त्यासाठी जमिनीवर चिमूटभर तपकीर ठेवतात. इथे तपकीर कुठून आणणार? नुसतं बोलायचा.

यात त्याला काही विसंगत वाटत नव्हतं. मलाही नाही. वाटायचं ते फक्त त्याच्या मूर्ती विकणाऱ्या गॅलरीच्या बाईंना.

त्या म्हणायच्या, प्रत्येक मूर्तीखाली कार्डावर "पूर्वजांचा आत्मा" लिही, लोकांना आवडतं.

हा लिहायचा, "माझी आत्या, दाढ दुखताना."

माझा नवरा वसंत गेल्यावर मी फराईला म्हटलं, मला वसंतची मूर्ती करून दे. फोटो दाखवायला गेले तर त्याने बघितलासुद्धा नाही.

"अंबुया, मी कोणाला आत बसवत नाही. जो आत आहे तो बाहेर येतो. सेकुरू असतील तर सेकुरू येतील."

सेकुरू म्हणजे आजोबा. माझा नवरा.

मी विचारलं, "आणि भलताच कोणी निघाला तर?"

"मग त्याला चहा द्या."

माझ्या किचनमागच्या जागेत बसून तो शनिवारी काम करायचा. कानस, ओला पॉलिश पेपर, मोरीत राखाडी गाळ. त्या गाळावरून मी त्याला मराठीत इतकं बोलले आहे, की शेवटी शेवटी त्याला कळायला लागलं होतं.

हळूहळू दगडातून एक खांदा आला. मग मान. मग एक कान. बाकीचा दगड तसाच, मातकट, खडबडीत.

मग एका शनिवारी तो थांबला. म्हणाला, आता हा काही सांगत नाहीये. वाट बघू.

वाट बघत असतानाच गेला. भर वर्गात, छातीत कळ येऊन. त्याला विमानाने नेऊन गावी पुरलं. दगड माझ्याकडे राहिला.

तो कान वसंतचा आहे असं मी म्हणत नाही. या वयात सगळ्यांचे कान सारखेच दिसतात. पण वर्षभर मी त्या कानाशी बोलते आहे. वसंतपेक्षा तो नीट ऐकतो.

आता गॅलरीत फराईच्या आठवणीत प्रदर्शन आहे. बाईंनी ठरवलं, दुसऱ्या शिल्पकाराकडून चेहरा पुरा करून घ्यायचा. वसंतच्या पासपोर्टच्या फोटोवरून. त्यात तो फरार गुन्हेगार दिसतो.

वर म्हणे, फॅमिलीला क्लोजर मिळेल.

शहराच्या दुसऱ्या भागातून, सेंगकांगहून मुलगा फोनवर, "मम्मी, लेट देम फिनिश इट लाह. चेहरा नसलेला बाबा कसा ठेवायचा?"

त्याने हो सांगूनही टाकलं होतं. मी भांडायचा कंटाळा केला. म्हटलं, नेऊ देत.

आज सकाळी फराईच्या आत्याचा व्हिडिओ कॉल आला. तीच, दाढवाली. तेते म्हणतात त्यांना. तिकडे पहाट होती, मागे बायका गात होत्या.

त्यांनी सांगितलं, माणूस गेला की वर्षभर बाहेर असतो, वाऱ्यावर. आज आम्ही त्याच्या थडग्यापाशी जाऊन त्याला गात घरी आणणार. मग तो घरातला मोठा होईल, पोरांना सांभाळेल.

"पण त्याचे हात शेवटी तुमच्या घरात होते. लहानपणापासून रेंगाळणारा मुलगा आहे. तिथेच बसला असेल. त्याला सांगा, आम्ही न्यायला आलोय."

मी विचारलं, कोणत्या भाषेत सांगू?

"ज्या भाषेत त्याला रागवायचात, त्या."

मी चहा केला. कप दगडाशी ठेवला. तेवढ्यात बेल वाजली. ट्रॉली आणि बबल रॅप घेऊन दोघं दारात. सोबत फोनवर बाई, काम अपुरं आहे, अपुरं आहे.

मी म्हटलं, "अपुरी मीही आहे. मला न्यायला कोणी येत नाही."

आणि दार लावलं.

त्याने जिथे हात थांबवला तिथे दुसऱ्याचा हात पडणार नाही. मी आहे तोवर नाही. मुलाने हे वाचावं.

फराई, तेते आल्या आहेत रे. ऊठ. गाळ राहू दे, मी धुते.

दगडाची काळजी करू नकोस. आत जो कोणी आहे, त्याला चहा दिला आहे.

घरी जा, बाळा. रेंगाळू नकोस.