बटणाचा ब्रेक आणि नंदाची वाडी

पुण्याहून निघाले तेव्हाच माझं डोकं फिरलेलं होतं. झोपायची सोय असलेली आमची व्हॅन चालवते मी, आणि तिचा हँडब्रेक बदलला ह्यांनी! तोही मला न विचारता, मी बहिणीकडे गेले होते तेवढ्यात. दोन सीटांमधला दांडा म्हणे मागे बिछान्यावर जाताना गुडघ्याला लागतो. त्या जागी आता बोटभर बटण. "नुसतं दाबायचं," हे म्हणाले. दांडा ओढला की गाडी धरली गेल्याचं हाताला कळायचं. बटणातून काय कळणार, कपाळ?

पहिला मुक्काम रत्नागिरीला लागून, भाट्याला. सुरूच्या बनाशेजारी गाडी लावली. तळलेला बांगडा आणि सोलकढी झकास होती. हे मात्र दर अर्ध्या तासाने "बघ, हललीय का?" विचारत होते. सपाट जमिनीवर बैलगाडीसुद्धा हलत नाही, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी खेडजवळ माझ्या मैत्रिणीच्या, नंदाच्या वाडीत पोचलो. वाट एकच, जांभ्या दगडाच्या दोन गडग्यांमधून (रचलेल्या कुंपणांमधून) जाणारी, एका गाडीपुरती. त्यामुळे वाडीची रीत ठरलेली: गाडी न्यूट्रलला ठेवायची, ब्रेक लावायचा नाही, चाकाखाली दगड लावायचा. कुणाला जायचं असलं की चौघांनी ढकलून ती मागच्या मोकळ्या जागेत सारायची. मला रीत पटली. न्यूट्रल केली, बटणाला बोट लावलं नाही, दगड लावला.

सकाळी आम्ही दोघं पऱ्यावर (ओढ्यावर) गेलो, किल्ली माझ्या पिशवीत. परत येऊन बघते तर आठ बायका आणि एक निवृत्त गुरुजी व्हॅन ढकलतायत. वाडीतले तरणे पुरुष सगळे मुंबईला कामाला. गाडी तसूभर हलत नव्हती. पलीकडे रिक्षा अडकलेली आणि तिच्यात नंदाची पुतणी शीतल. नर्सच्या भरतीची परीक्षा रत्नागिरीत, आणि त्यासाठी तिला खेडहून ट्रेन गाठायची होती.

"दगड काढला तरी हलत नाही," गुरुजी म्हणाले. "ब्रेक लागलाय काय?"

"मी लावलाच नाही."

ह्यांनी घसा खाकरला. "इंजिन बंद केलं की तो आपोआप लागतो. सांगायचं राहिलं."

सांगायचं राहिलं! ह्यांना तिथेच सोडलं, शीतलला शेजारी बसवलं आणि गाडी मागे घेत बाहेर काढली. स्टेशनवर पोचलो तर ट्रेन सुटलेली. मग तशीच हायवेने दामटली. वाटेत रस्त्याचं काम, ट्रकांची रांग. केंद्राचं गेट दहा मिनिटांपूर्वी बंद झालं होतं. मी वॉचमनशी कडाकडा भांडले. "नियम आहे, बाई," एवढंच तो म्हणाला, आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

शीतल नळावर तोंड धुऊन आली. म्हणाली, "काकू, गेट बंद झाल्याचं घरी सांगू नका. बायांनी एवढं ढकललंनी, त्यांच्या जिवाला लागेल. पेपर कठीण होता म्हणते मी."

वाडीत सगळ्या वाट बघत होत्या.

"कसा गेला गो पेपर?"

"कठीण होता."

एका म्हाताऱ्या बाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या तळव्याला फोड आले होते. मग ती माझ्याकडे वळली. "ताई, तुमची गाडी होती म्हणून पोर वेळेत पोचली. उपकार झाले तुमचे."

पुण्यापर्यंत मी ह्यांना त्या बटणावरून ऐकवत आले. दांडा परत बसवून घेणार आहे, ह्यांचा गुडघा गेला खड्ड्यात. पण त्या बाईचे आभार मी मान डोलवून स्वीकारले, त्याचा राग काही ह्यांच्यावर काढता येत नाही.