प्रयोगातला चोर

माझ्या एका प्रयोगापायी शिळफाट्यावर एका निरपराध माणसाला मार बसला. प्रयोग मात्र यशस्वी झाला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझी कीव करायला नको.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच मानसशास्त्र घेऊन एम.ए. झाले होते आणि खालापूर तालुक्यातल्या एका अध्यापक विद्यालयात, पुढं प्राथमिक शिक्षक होणाऱ्या मुलामुलींना, तोच विषय शिकवत होते. कर्जतला माहेरी आई शेजारणींना सांगायची, "आमची धाकटी वेड्यांचं शिकलीय." मी अशी चिडायचे! वेड्यांचं नव्हे गं आई, शहाण्यांचं. माणूस बघतो कसा, लक्ष कशाकडं देतो, बघितलेलं त्याला आठवतं कसं, याचं. आई म्हणायची, "त्यात शिकायचं काय? डोळे असले की दिसतं." हेच चूक आहे, हे सिद्ध करायला आपला जन्म झालाय अशी माझी तेव्हा समजूत होती.

पुस्तकात लिहिलं होतं, डोळ्यांदेखत घडलेली गोष्टसुद्धा माणसाला जशीच्या तशी आठवत नाही. न दिसलेल्या जागा तो आपल्या समजुतींनी भरून काढतो. हे वाक्य फळ्यावर लिहिलं की मुलं पाठ करायची. पाठ केलेलं पटतं थोडंच! म्हणून मी नाटक रचलं. माझा धाकटा दीर पुण्याहून चार दिवस राहायला आला होता. गोरापान, जाड भिंगांचा चष्मा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत चपला. त्याला म्हटलं, "भाऊजी, उद्या माझा तास चालू असताना आत घुसायचं, टेबलावरची पर्स उचलायची आणि पळायचं. बस्स." पुण्याचाच तो. त्यानं विचारलं, "आणि दार बंद असलं तर ठोठावायचं का?"

दुसऱ्या दिवशी तो आला, पर्स उचलली, मागच्या कुंपणावरून घरी गेला आणि पोहे खात बसला. वर्गात नुसता गलका. मी घरून सराव करून आणलेल्या शांतपणानं म्हटलं, "बसा खाली. काय दिसलं ते लिहा. चोराचं वर्णन करा." पटावरच्या संख्येइतके कागद मोजून आणले होते. वाटले, तर दोन उरले. दोन का उरले, हे काही माझ्या मनात आलं नाही. आणि आदल्याच आठवड्यात मी 'अवधान' हा धडा शिकवून संपवला होता!

तिथंच बसून मी उत्तरं वाचली आणि हरखून गेले. बहुतेकांचा चोर काळा होता, हडकुळा होता, अनवाणी होता. फाटकं बनियन बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. एकानं त्याच्या हातात कोयताही दिला होता. 'डोंगरातला वाटला,' असं एकीनं स्पष्टच लिहिलं. चष्मा कुणालाही दिसला नव्हता. (हे दुःख दीर पुढं कित्येक वर्षं उगाळत होता. "वहिनी, एवढी जाड भिंगं, आणि एकालाही दिसू नयेत?") एका मुलीनं तर एकच ओळ लिहिली होती, 'पाठमोरा दिसला, तोंड बघितलं नाय.' तिच्या कागदावर मी लाल शाईनं शेरा मारला, 'निरीक्षण अपुरे.'

आता मुलांना खरं काय ते सांगावं म्हणून उठले, तेवढ्यात विद्यालयाचा शिपाई दारात हजर. "बाई, तुमचा चोर गावला! फाट्यावर बांधून ठेवलाय."

"माझा चोर घरी पोहे खातोय," मी हसत म्हणाले, आणि म्हणता म्हणता ते उरलेले दोन कागद आठवले. मागच्या बाकावरच्या दोन जागा रिकाम्या होत्या. गलका चालू असताना ती दोन मुलं चोराच्या मागं धावली होती.

धावत धावत ती फाट्यावरच्या बाजारात पोचली, 'चोर, चोर' ओरडत. तिथं एक कातकरी खेकडे विकत बसला होता. काळा, हडकुळा, अनवाणी, अंगात फाटकं बनियन. लोक ओरडत अंगावर येताना दिसले की आधी पळायचं, कारण मागाहून विचारायचं, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ती त्यांना कुणी लावली, हे आपण कधी विचारत नाही. तो पळाला. पळाला म्हणजे चोरच की!

मी पोचले तेव्हा त्याला एका दुकानाच्या खांबाला बांधलं होतं. ओठ फुटला होता. खेकडे रस्ताभर पांगले होते आणि चोर पकडायला आलेल्यांपैकी दोघं ते गोळा करत होते, आपापल्या पिशवीत.

"बाई, हाच!" माझे दोन्ही विद्यार्थी छाती फुगवून म्हणाले. "आमी डोळ्यांनी बघितला."

"अरे, हा नव्हे रे! तो माझा दीर होता. नाटक होतं ते."

कुणाला पटेना. "बाई लई मऊ हायत," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. दुकानदार मला समजावायला लागला, "तुमी कशाला घाबरता बाई? त्यानं कबूल केलंय. पर्स घेतली आन् नदीत फेकली. समदं बोललाय."

मी त्या माणसाकडं वळले. "बाबा, खरं सांग. तू घेतलीस पर्स?"

"हां बाय," तो खाली बघून म्हणाला. "मीच घेतली."

माझं एम.ए. तिथंच संपलं.

शिपायाला सायकलवरून घरी पिटाळलं. थोड्या वेळानं दीर त्याच्या मागं डबलसीट बसून आला, इस्त्रीच्या शर्टात, हातात माझी पर्स. "मीच उचलली होती," असं त्यानं चारचौघांत सांगितलं, पर्स उघडून माझा रुमाल काढून दाखवला. त्याला कुणी बोटसुद्धा लावलं नाही; दुकानदारानं बसायला खुर्ची दिली. "काय तरी बाईंचं एकेक," म्हणत गर्दी पांगली. माझा एक विद्यार्थी तेवढा घुटमळत राहिला. "पण बाई, बनियन मी बघितलं होतं. आईशप्पथ." तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते अजूनही दिसत होतं.

दोर मी माझ्या हातानं सोडला. सोडताना रडू फुटलं. त्या दिवशी वाटली तेवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. "चूक माझी आहे," मी म्हटलं. "कुणी काही चोरलंच नव्हतं. मग तू हो का म्हणालास रे बाबा?"

"हां बोललं की मार कमी बसतो," तो म्हणाला. मनगटं चोळत तो माझ्या पर्सकडं बघत होता. नीट, निरखून. वर्गातल्या कुणीच सकाळपासून काही इतकं निरखून बघितलं नव्हतं.

"चाकलेटी हाय व्हय ही?" तो म्हणाला. "मी काळी बोललो. रंग चुकला म्हणून आणखी मारलं. बरं झालं दावलीत, बाय. आता पुढल्या टायमाला बरोबर सांगतो."