काठावरचा कप

…तर तो कप काठावर का ठेवायचा, हे सांगायचं कालच राहून गेलं. एमिल व्होंड्रा लुमिर हावरानेकच्या खानावळीत शिरला, टोपी खुंटीला अडकवली आणि काउंटरच्या टोकाच्या स्टुलावर टेकला, की लुमिर कॉफीचा कप त्याच्यापुढं ठेवायचा तो बरोब्बर काउंटरच्या कडेवर. अर्धी बशी लाकडावर, अर्धी अधांतरी. मग मागं सरून हाताची घडी घालायची आणि विचारायचं, “काय पंचसाहेब, आत की बाहेर?”

एमिल वाकून बशीच्या खालून बघायचा. चष्मा काढून सदऱ्याला पुसायचा, पुन्हा बघायचा. घाई म्हणून नाही. मग दोन्ही हात आडवे हलवून निकाल द्यायचा, “बाहेर.” आणि कप उचलून प्यायला लागायचा. सगळी खानावळ हसायची. रोज सकाळी तेच, तरी हसायची.

बाहेरगावच्या माणसाला यात हसण्यासारखं काय, ते कळायचं नाही. त्याला एकाहत्तर सालच्या नोव्हेंबरात न्यावं लागायचं, आणि न्यायला ब्लू फोर्क गावात कुणीही एका पायावर तयार असायचं.

लुमिर तेव्हा एकवीस वर्षांचा, गावातल्याच छोट्या कॉलेजच्या फुटबॉल संघात; फुटबॉल म्हणजे चेंडू हातात धरून पळायचा तो अमेरिकी खेळ. त्याचा बाप ओटो त्याच कॉलेजच्या मैदानाचा रखवालदार. गवत कापायचं, गोलचे खांब रंगवायचे आणि शनिवारी पहाटे चुन्याची गाडी ढकलत मैदानाच्या रेघा ओढायच्या. या रेघांवर ओटोचा भारी जीव. खुंट्या ठोकून, सुतळी ताणून तो रेघ ओढायचा, आणि ओढून झाली की मैदानाच्या टोकाला जाऊन एक डोळा मिटून तिच्याकडं बघत राहायचा.

एमिल धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळायचा. मक्याचे ट्रक यायचे, एमिल वजन सांगायचा, आणि गावात कुणी कधी त्या वजनावर शंका घेतली नाही. शनिवारी मात्र तो काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून आसपासच्या कॉलेजांच्या सामन्यांत कडेचा पंच म्हणून उभा राहायचा. आपल्या गावाच्या सामन्यात पंचाला उभं करायचं नाही, असा रिवाज होता, आणि तो चांगला होता. पण त्या शनिवारी बर्फावर घसरून एका पंचाची गाडी खड्ड्यात गेली. बाकीचे येऊन पोचले, एक कमी. एमिल प्रेक्षकांत बसला होता, आणि पट्ट्यांचा शर्ट त्याच्या गाडीच्या डिकीत होता. पाहुण्या संघाचा प्रशिक्षक म्हणाला, “आमची हरकत नाही, माणूस सरळ दिसतोय.” झालं, एमिल मैदानात उतरला.

सामना जिंकला की लीगचं अजिंक्यपद. ब्लू फोर्कला ते आधी कधी मिळालं नव्हतं. शेवटचं अर्धं मिनिट उरलं, गावाचा संघ चार गुणांनी मागं, आणि चेंडू उंच फेकला गेला तो मैदानाच्या टोकाच्या टचडाउनच्या पट्टीच्या पार कोपऱ्यात; तिथं झेलला की सहा गुण. लुमिर धावला, उडाला आणि बोटांच्या टोकांवर चेंडू धरून कडेच्या रेघेशी खाली आला. रेघेला न शिवता एक पाय आत पडला, तरी पुरे होतं. बँड वाजायला लागलासुद्धा. आणि एमिलनं दोन्ही हात आडवे हलवले. बाहेर.

त्या दिवसापासून गावात म्हणायला लागले, एमिलचा काटा खरा, पण डोळा खोटा. काही जण त्याच्याही पुढं गेले. त्यांचं म्हणणं, डोळा चांगला आहे, पण आपला माणूस म्हणून आपल्याला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून त्यानं मुद्दाम दिलं बाहेर. हे मात्र एमिलला लागायचं. पुढच्या हॅलोवीनला, पोरांच्या खोड्यांच्या रात्री, कुणीतरी त्याच्या घराच्या पायऱ्यांपासून फाटकापर्यंत चुन्याची रेघ ओढून ठेवली. एमिलनं ती पुसली नाही. त्याची बायको आग्नेस हिनं वसंतात त्या रेघेवर झेंडूची रोपं लावली. दरवर्षी तिथं झेंडू फुलायचा, आणि येणारा-जाणारा विचारायचा, “आग्नेस, रेघेच्या कुठल्या बाजूनं येऊ?”

ओटोनं मात्र एमिलबद्दल कधी वावगा शब्द काढला नाही. पोराचं टचडाउन गेलं, तरी नाही. उलट दर शरदात तो अक्रोडांनी भरलेली बादली एमिलच्या दारात ठेवून यायचा. गाव म्हणायचं, काय मोठं मन आहे या माणसाचं.

लुमिरचं मन तेवढं मोठं नव्हतं. पहिली दोन-चार वर्षं तो एमिलशी बोलला नाही. मग ओटो गेला. दफनाच्या दिवशी शवपेटीला खांदा द्यायला एमिल न बोलावता पुढं आला. दुसऱ्या दिवशी तो खानावळीत येऊन बसला, तेव्हा लुमिरनं कप कडेवर ठेवला आणि विचारलं, “आत की बाहेर, पंचसाहेब?” तिथून ही रीत पडली.

लुमिरच्या पोटात मात्र एक गोष्ट होती, ती त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. पाय आत होता असं तो सगळ्या गावाला सांगत आला होता. खिमा-राजम्याची चिली वाढताना, दालचिनीचे रोल भाजताना, गिऱ्हाइकाला जागेवरून उठवून, तो पाय कसा पडला ते करून दाखवत आला होता. आणि खरं म्हणजे त्याला माहीतच नव्हतं. त्याची नजर चेंडूवर होती. आपला पाय कुठं पडला, ते त्यानं पाहिलंच नव्हतं. जितकी वर्षं गेली, तितकं ते जास्त टोचायला लागलं.

त्यात टीव्हीवर ते रिप्लेचं खूळ आलं. मोठ्या विद्यापीठाचा सामना चालू असायचा, मध्येच खेळ थांबायचा, वर खोलीत बसलेले पंच तोच झेल पुढून, मागून, सावकाश बघायचे, आणि तोवर खानावळीतला प्रत्येक माणूस पंच व्हायचा. ट्रक चालवणारा व्हर्नन स्टास्नी तर चमचा वर करून निकाल द्यायचा. मग सगळे एमिलकडं वळायचे. एमिल अंगठा वर नाही तर खाली करायचा. कधी बरोबर यायचं, कधी साफ चुकायचं. चुकलं की व्हर्नन म्हणायचा, “सवय आहे त्याला.”

“तेव्हा हे यंत्र असतं, तर लुमिर आज आमदार असता,” कुणीतरी म्हणायचं.

“आणि आपल्याला ही चिली कुणी खायला घातली असती?” एमिल म्हणायचा.

मग दोन हजार सात साल उजाडलं. कॉलेजची जुनी व्यायामशाळा पाडायला काढली, आणि तिच्या तळघरात सामन्यांच्या फिल्मचे गंजके डबे सापडले. लुमिरची मुलगी जोलीन लिंकन शहरात टीव्ही स्टेशनात कामाला होती. ती डबा घेऊन गेली, आणि थोड्याच दिवसांत तिचा फोन आला, “बाबा, एकाहत्तरचा सामना आहे. पुसट आहे, पण आहे. मी अजून बघितला नाही, तुमच्याबरोबर बघीन.”

लुमिरनं टेबलांशी बसलेल्या गिऱ्हाइकांकडं एकदा पाहिलं. मग म्हणाला, “सगळ्यांबरोबरच बघू.”

मोठ्या विद्यापीठाचा सामना नसलेला एक शनिवार ठरला. सकाळपासून खानावळीत पाय ठेवायला जागा नाही. आग्नेसनं कोलाचे, म्हणजे मधे जर्दाळूचा मुरंबा भरलेले गोड पाव, आणले होते. व्हर्ननला कुणीतरी पट्ट्यांचा शर्ट घातला होता, तो त्याच्या पोटावर बसत नव्हता. एमिल आपल्या स्टुलावर, हातात रोल. लुमिर काउंटरमागं तेच एक ताट पुन्हा पुन्हा पुसत होता.

जोलीननं फिल्म डिस्कवर उतरवून आणली होती, ती टीव्हीवर लावली. काळीपांढरी, पावसासारख्या रेघा पडलेली. गेलेली माणसं प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवत होती. कुणाला आपली आई दिसली, कुणाला आपण विकलेली गाडी. मैदानाच्या कडेला कान झाकणारी टोपी घातलेला ओटो दिसला, फावड्यावर हात टेकून उभा. लुमिरनं ताट खाली ठेवलं.

चेंडू वर गेला. जोलीननं चित्र सावकाश केलं. लुमिर, कोवळा, कमरेत सडसडीत, हवेत उडाला. चेंडू बोटांत आला. आणि ऐन पाय टेकायच्या वेळी रेघेशी धावत आलेला एमिल गुडघे वाकवून, खाली बघत उभा राहिला. अगदी पंचानं उभं राहावं तिथंच. कॅमेरा त्याच्या मागच्या बाजूला. त्याच्या पाठीमागं लुमिरचा पाय दिसेनासा झाला.

“मागं घे,” व्हर्नन म्हणाला.

जोलीननं मागं घेतलं. पुढं घेतलं. एकेक चित्र करून नेलं. पाठ. पट्ट्यांची रुंद पाठ.

“एवढी वर्षं वाट बघितली,” व्हर्नन म्हणाला, “आणि दिसली काय, तर एमिलची पाठ.”

“मी तर ती रोज बघते,” आग्नेस म्हणाली.

हसणं उसळलं. एमिलनं रोलचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, बोटं पुसली आणि टीव्हीवरच्या पंचाच्या आवाजात जाहीर केलं, “स्पष्ट पुरावा नाही. मैदानावरचा निकाल कायम.” लोकांनी टेबलं बडवली. यापेक्षा चांगला निकाल कुणाला हवा होता? उद्या भांडायला विषय शिल्लक राहिला होता.

दुपारी सगळे पांगले. जोलीन आग्नेसला सोडायला गेली. एमिल स्टुलावरच होता, त्याला कधीच घाई नसायची. लुमिर खुर्च्या उलट्या करत होता, आणि फिल्म आपली पुन्हा पहिल्यापासून चालू होती. बापाला आणखी एकदा बघावं, म्हणून त्यानं ती बंद केली नव्हती.

ओटो आला. फावड्यावर हात टेकलेला. त्याच्यासमोर तोच कोपरा, पण रिकामा. खेळ दुसऱ्या टोकाला चाललेला. बर्फ वितळून कडेला डबकं साचलेलं होतं. कडेची पांढरी रेघ सरळ येत होती, येत होती, आणि त्या डबक्यापाशी वळसा घालून मैदानाच्या आत शिरत होती. फार नाही. वीतभर. पुढं पुन्हा सरळ.

लुमिरनं हातातली खुर्ची खाली ठेवली. त्यानं चित्र थांबवलं, जवळ जाऊन काच खांद्यावरच्या फडक्यानं पुसली. रेघ तशीच. सुतळी ताणून रेघ ओढणाऱ्या ओटोची रेघ, पोट सुटल्यासारखी. ते डबकं कुठं होतं, हे लुमिरला कुणी सांगायला नको होतं. त्या चिखलात तो पडला होता.

आणि मग एकदम त्याला अक्रोडांची ती बादली आठवली.

तो काउंटरमागं आला. नवा कप घेतला, कॉफी ओतली आणि एमिलसमोर ठेवला. कडेवर नाही, चांगला आत, दोन्ही हातांनी. मग कॉलेजात होता तेव्हा ज्या नावानं हाक मारायचा, त्या नावानं हाक मारली.

“मिस्टर व्होंड्रा, बाबांची रेघ वाकडी होती. तुम्हाला ठाऊक होतं ना? आता खरं सांगा. माझा पाय आत होता की बाहेर?”

एमिलनं टीव्हीकडं पाहिलं, थांबलेल्या ओटोकडं. मग कपाकडं पाहिलं. मग म्हणाला:

“सामन्याआधी मैदानाला फेरी मारली, तेव्हाच दिसलं होतं. ओटोला म्हटलं, रेघेला इथं पोट आलंय. तो म्हणाला, चिखलात चुना धरत नाही, पोतंही संपलंय, चालवून घे. मी चालवून घेतलं. तू सगळं मैदान सोडून नेमका तिथंच येऊन पडशील, हे काय माहीत. पाय रेघेवर पडला, लुम. चुना उडालेला मी पाहिला. रेघ सरळ असती, तर तू आत होतास. पण रेघ जिथं आहे तिथंच मला बघावी लागते, जिथं असायला हवी होती तिथं नाही. मला शिव्या बसल्या त्याचं काय एवढं, पट्ट्यांचा शर्ट घातला की त्या बसायच्याच. ओटोला पुढं दर शनिवारी याच गावासमोर चुना ओढायचा होता. तो गेल्यावर सांगितलं असतं, तर त्याला उत्तर देता आलं नसतं. आता कॉफी निवतेय. आणि तो कप कडेवर सरकव बघू, इतका आत ठेवलास तर मी निकाल काय देऊ?”