पहिला शॉट ट्रॅक्टरवाल्या काकाजींचा

'कंट्री म्युझिकच्या व्हिडिओंचे नियम' हा माझा कॉलेजचा प्रोजेक्ट. सरांच्या डोक्यात अमेरिका: टोपी, गिटार, पिकअप ट्रक. मी म्हटलं, शेतातली गाणी आपल्याकडेही ढिगाने बनतात, मी ती घेते. सर हसले. "उनके कोई नियम होते हैं क्या? सोमवार तक एक बता दो, साइन कर दूँगा." सही नाही तर परीक्षा नाही. माझं डोकंच फिरलं. शनिवारी सकाळी पोहे खाऊन देवासहून निमाडात एका गाण्याचं शूटिंग बघायला निघाले.

कुणाला जायचं असेल तर सांगते. इंदूरला बस बदलायची. धामनोदची गाडी मुंबईच्या रस्त्याने घाट उतरते आणि ट्रकांमागे अडकली की वेळेचा भरवसा सोडायचा. दोन्ही तिकिटं मिळून दोनशेच्या आसपास. धाब्यावरची सेव-टमाटरची भाजी झणझणीत असते, पाणी आधी मागवून ठेवा.

महेश मला घ्यायला बाइकवर आला. निमाडी गाण्यांचा गायक, दिग्दर्शक, एडिटर सगळं तोच. त्याच्या व्हिडिओखालच्या नंबरवर मी फोन केला होता. शूटिंग कपाशीच्या शेतात होतं. लाल ट्रॅक्टर धुऊन, हार घालून उभा. हिरो तयार, हिरॉइन तयार, ऊन कलायला लागलेलं. आणि सगळे नुसते बसलेले.

"किसका इंतज़ार है?" मी विचारलं.

"काकाजी मंडी गए हैं. ट्रैक्टर उनका, खेत उनका. पहला शॉट उनका."

"लाइट जा रही है. उनका बाद में ले लो."

महेशने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवाआधी नैवेद्य खायला मागितला होता. "बाद में नहीं होता, दीदी. किसी गाँव में नहीं होता."

काकाजी तासाभराने आले. सावकाश साफा बांधला, ट्रॅक्टरवर बसले, कॅमेऱ्याकडे बघितलं. "नंबर प्लेट आवी कि नी?" त्यांनी विचारलं. आली म्हटल्यावर उतरले. हिरोच्या वाट्याला उरलेला उजेड आला आणि कुणाची तक्रार नव्हती.

परतीच्या बसमध्ये मी मोबाइलवर जुनी गाणी एकामागोमाग पाहिली. बहुतेकांत सुरुवातीलाच कुणीतरी म्हातारा ट्रॅक्टरवर बसलेला, गोष्टीशी काही संबंध नसलेला. इतकी वर्षं मी तेवढा भाग पुढे सरकवून हिरोवर जात होते. मला माझीच लाज वाटली.

रविवारी सगळं लिहून काढलं. सोमवारी सर म्हणाले, "ये नियम नहीं, मजबूरी है. ये पन्ना हटाओ, कल साइन कर दूँगा."

"सर, वो पिकअप ट्रक भी किसी का होगा," मी म्हणाले. "उसका मालिक नहीं दिखाते, वो उनका नियम. हम दिखाते हैं, ये हमारा."

सरांनी सही न करताच फाइल माझ्याकडे सरकवली.

घरी आई म्हणाली, "अगं, एक पान तर काढायचंय. कशाला झंझट? वर्ष जाईल." वर्ष जाईल याची मलाही भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण ते पान काढलं तर उरतं ते सरांना आधीच माहीत असलेलं.

मघाशी फाइल पुन्हा बांधली. ते पान मधून काढलं आणि सर्वांत पुढे लावलं, काकाजींच्या फोटोसकट. उद्या सरांना आधी काकाजी बघावे लागतील.