मापाचा ब्लाऊज

भावाच्या लग्नाचा ब्लाऊज मी जर्मनीतूनच आमच्या गावच्या, काष्टीच्या शिवणवाल्या मावशींकडे शिवायला टाकला होता. टेपनं स्वतः मापं घेऊन फोनवर पाठवली. मावशींनी ती साफ नाकारली. "फोनवरची मापं मी धरीत न्हाई. मापाचा ब्लाऊज द्या," म्हणाल्या. मग आईनं कपाटातला माझा एक जुना ब्लाऊज नेऊन दिला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

लग्नाच्या सकाळी अंगात घातला, तर हुकांमध्ये चार बोटं अंतर. बाहेर नवरदेवाची गाडी सुरू झालेली, आई दार वाजवतेय. माझं डोकंच फिरलं. दार उघडून मी तिच्यावरच ओरडले, "मी जर्मनीला गेले तेव्हाचा, सात वर्षांपूर्वीचा ब्लाऊज दिलास? रोज व्हिडिओ कॉलवर बघतेस ना मला?"

आईही भडकली. "तिथं नुसतं तोंड दिसतं तुझं!"

शेजारून मावशींना बोलावलं. त्यांनाही मी चार शब्द सुनावले. त्यांनी ब्लाऊज उलटा केला आणि ब्लेडनं दोन्ही बाजूंची आतली शिवण उसवली. तिच्या बाहेर इंचभर कापड सोडून दुसरी शिवण आधीच घातलेली होती. हुक लागले.

"एवढं कापड कशाला सोडलं होतं?" मी विचारलं.

"लांबच्या लेकीचं माप आई घिऊन आली की मी सोडतेच," दोरे झटकत त्या म्हणाल्या. "आईकडं लेक गेली त्या दिवशीचंच माप आसतं."