हर्निया म्हणून सांगितलेलं ऑपरेशन

ही गोष्ट सांगायचं मी सात वर्षं टाळलं. लिहायला बसलो की चहा करायला उठायचो.

इथे परदेशात, वॉलॉंगॉंगला, माझा पीएसएचा आकडा दर रक्ततपासणीत चढत गेला आणि बायॉप्सीत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भाऊ असेल तर त्याला सांगा. सख्ख्या भावाला धोका जास्त. त्यानेही ही रक्ततपासणी करून घ्यायला हवी." मी मान डोलावली आणि दूर टार्निटला राहणाऱ्या धाकट्या भावाला फोन करून सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन आहे. तसल्या जागेचं दुखणं, त्यात कॅन्सर. आमच्या घरात थोरला धाकट्याशी असलं बोलत नाही.

तो दिवसभर गाडी चालवत आला. आठवडाभर मला मुगाची खिचडी करून घातली, लघवीची पिशवी रिकामी केली. एकदा म्हणाला, "दादा, हर्नियाला ही पिशवी कशाला रे?"

"इकडे अशीच पद्धत आहे."

"भारीच! गळतंय कुठे आणि नळ बसवलाय कुठे!"

तो हसला. मीही हसलो.

माझा आकडा शून्याजवळ आला, तिथेच राहिला. चार वर्षांनी त्याची पाठ दुखायला लागली. कॅन्सर हाडांत पोचला होता, पीएसए ऐंशीच्या वर. कळलं त्याच दिवशी त्याने आपल्या दोन्ही मुलांना फोन करून तपासणीला पाठवलं. मग मला फोन. "दादा, हे भावाभावांत असतं म्हणे. लाजू नकोस, तूही टेस्ट करून घे."

"करतो," मी म्हणालो.

औषधं लागू पडली. दर तीन महिन्यांनी तो रक्त देतो आणि रिपोर्ट आला की मला कळवतो. ऐंशीचे बारा झाले, बाराचे दोन. काल फोनवर ओरडलाच, "पॉइंट दोन, दादा! डॉक्टर म्हणाला, गुड ऑन यू, मेट! पुढच्या महिन्यात येतो, समुद्रावर फिरू." मुलांचे रिपोर्टही चांगले आहेत. त्याचा आवाज इतका ठणठणीत होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुझा किती आला?" त्याने विचारलं.

"ठीक आहे. ये तू, वाट बघतो."

म्हणायचं होतं ते असं: अरे, तो हर्निया नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तुला सांगायला सांगितलं होतं आणि मी लाजलो. कदाचित तुझं वेळेत सापडलं असतं. मला माफ कर.