मांडीवरचा डबा

वाडीहून शहरात जाणाऱ्या बसमध्ये मावशींना बसायला जागा मिळाली नाही, तर त्या ती बस जाऊ देत. त्यांच्याकडे बर्फाचा एक निळा डबा असे आणि तो त्यांना मांडीवरच हवा असे. खाली ठेवायचा नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. कोणी विचारलंच, "मावशी, कुल्फी आहे का?" तर त्या शांतपणे म्हणत, "हो, कुल्फीच होय. पण तुह्या वयाची नाही." विचारणारा हसे. डब्यात त्यांच्या सुनेचं दूध असे.

मावशी आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत. मुलगा ट्रान्सपोर्टच्या गोदामात, सून प्रणाली आणि तीन महिन्यांचा नातू. मूळच्या नरखेडकडच्या. माझ्याहून थोड्याच मोठ्या, पण सारी गल्ली मावशी म्हणे म्हणून मीही म्हणू लागलो. दार वाजवण्याची त्यांना सवय नव्हती. "वहिनी, डाळ लागून राहिली ना तुमची," असं ओरडत आत येत आणि गॅस बंद करून मगच बसत.

प्रणालीला दूध भरपूर होतं. बाळाचं पोट भरून उरे, ते पिळून काढावं लागे. मावशी ते वाटीत घेऊन अंगणातल्या डाळिंबाच्या बुडाशी ओतत. मोरीत कधीच नाही. "त्याच्यावर कोणाचा पाय नाही पडला पायजे," असं त्यांचं म्हणणं.

त्याच सुमारास आमची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचा रक्तदाब वाढला आणि नात दोन महिने आधीच जन्मली. वजन बाराशे ग्रॅम. मी हिशेबाचा माणूस. जन्मभर टनांच्या पावत्या तपासल्या. एकेका ग्रॅमसाठी जीव टांगणीला लागतो, हे तेव्हा कळलं. लेकीला दूध उतरत नव्हतं आणि वरचं दूध एवढ्या नाजूक आतड्यांना सोसणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. रुग्णालयात मातृदुग्ध पेढी होती. इतर आयांनी दिलेलं दूध तिथे साठवतात. तेच नातीला नळीने मिळत होतं. पण साठा थोडा आणि काचेच्या पेट्यांतली बाळं पुष्कळ.

एका सकाळी बायको रुग्णालयातून परतली, तेव्हा मावशी डाळिंबापाशी वाकल्या होत्या. त्यांच्या हातातली वाटी पाहून ती फाटकातच थबकली. "मावशी, ते ओतू नका हो," एवढंच म्हणाली आणि पायरीवर बसून रडू लागली.

"काहून आधी नाही सांगितलं?" सगळं ऐकून मावशी म्हणाल्या. प्रणाली तर लगेच तयार झाली. तिच्या रक्ताची तपासणीही ठीक आली. अडलं ते पुढेच. पेढीत दूध तापवून मगच बाळांना देतात हे कळताच मावशी मागे सरल्या. "आईच्या दुधाले इस्तो लागला का पान्हा आटते. मंग माह्या नातवाले काय पाजू?"

मी पटवायला गेलो, तर म्हणाल्या, "भाऊ, तुमची नात तुम्हाले, माहा नातू मले." मी परत फिरलो. विस्तवाचं भय खोटं असेल, पण नातवाची काळजी खरी होती.

दुसऱ्या दिवशी त्या आपणहून दारात उभ्या राहिल्या. "चला, कुठं तापवतेत ते दाखवा मले." पेढीतल्या सिस्टरने काचेतून यंत्र दाखवलं. बाटल्या गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या होत्या. मावशींनी समोरून पाहिलं, वाकून खालूनही पाहिलं.

"इस्तो कुठं हाय?"

"विस्तव नाही, मावशी. गरम पाण्यात अर्धा तास ठेवतो, मग गार करतो. जंतू मरतात."

"अवं, मंग हे तापवणं होय का? ही त आंघोळ झाली! तापवतो, तापवतो म्हणून काहून भेववता लोकायले?"

सिस्टर खळखळून हसली. पुढे नव्या आयांना 'दुधाची आंघोळ' समजावताना मी तिला ऐकलं आहे.

निघताना मी विचारलं, हे दूध आमच्याच बाळाला मिळेल ना? तसं सांगता येत नाही, सिस्टर म्हणाली. ज्याला जास्त गरज, त्याला आधी. मी हिरमुसलो. बसथांब्यावर मावशींनी हळूच विचारलं, "भाऊ, आतापर्यंत तुमच्या नातीनं कोणाचं दूध पेलं?"

"माहीत नाही."

"ज्या बाईनं देलं, तिलेही माहीत नसन कोणाले गेलं ते," त्या म्हणाल्या आणि येणाऱ्या बसकडे पाहू लागल्या.

त्याच दिवशी त्यांनी आमच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा ताब्यात घेतला. "लेकराचं जेवण अन् तुमचं मटण एका खणात नाही राहत," म्हणून मटणाचा डबा बायकोच्या हातात दिला. मग दिवसाआड निळा डबा घेऊन त्यांची बसवारी सुरू झाली. पान्ह्याची धास्ती मात्र लगेच गेली नाही. रोज सकाळी सुनेला विचारत, "हाय ना वं?" ती वैतागून म्हणे, "हाय, आई. तुमच्या नातवालेच विचारा ना."

नात वाढू लागली. लेक तिला तासन्‌तास उघड्या छातीशी धरून बसे. हळूहळू तिलाही दूध उतरलं. बाळ घरी आलं तेव्हा मावशींनी त्याला ओंजळीत घेतलं. "एवढीशी तू, अन् किती जणीयचं पेली वं!"

पुढे मावशींच्या मुलाला शहरापलीकडे मिहानमधल्या कंपनीत काम मिळालं आणि त्यांनी खोल्या सोडल्या. सामान टेम्पोत चढलं. निळा डबा मात्र मावशींनी आमच्या ओट्यावर आणून ठेवला. "आता तुमच्या पोरीचं उरून राहिलं. डाळिंबाले नोका घालू."

जावई पुण्याला, लेक बाळात गुंतलेली. डबा नेणं माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी बस खचाखच भरलेली. मी डबा छातीशी धरून उभा. बसलेल्या एका तरुणाने विचारलं, "काय काका, आइस्क्रीम का?" मावशींचं उत्तर ओठांवर आलं होतं, पण माझ्या तोंडी ते शोभलं नसतं. म्हणालो, "आईचं दूध आहे. रुग्णालयातल्या बाळांसाठी." तो ताडकन उठला आणि त्याने मला खिडकीची जागा दिली.

संध्याकाळी मावशींना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, डबा मांडीवर होता ना? होता, म्हणालो, आणि जागा कशी मिळाली तेही सांगितलं.

"खरं सांगितलं तुम्ही?"

"हो."

"अन् तो उठला?"

"लगेच."



"आई गं! अन् मी कुल्फी, कुल्फी करत इतक्या गाड्या सोडल्या!"